मंदीत जाहिरात करायची तर आधी वही उघडा

बाजार मंदावला की त्याची बातमी सगळ्यांत आधी छापखान्यात पोचते. सांगलीत माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे, त्यामुळे हे मी जवळून पाहत आलोय. कामावरचा पोरगा कमी करायच्या आधी, उधारी बंद करायच्या आधी दुकानदार जाहिरात बंद करतो. दर दिवाळीला पाच हजार हँडबिलं नेणारा माणूस दारातूनच ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून जातो. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनंतर हे झालं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि बाजारपेठ बुडाली, तेव्हाही झालं. त्या पुरात माझ्या कागदाच्या रीमा भिजून फुगल्या होत्या. एकही शीट मशीनवर चढवण्याजोगी उरली नव्हती. त्यातून सावरतोय तोवर २०२०चा मार्च आला.

या तिन्ही वेळी माझी काही गिऱ्हाइकं परत उभी राहिली, काहींची शटरं कायमची खाली आली. उभी राहिलेल्यांनी जाहिरातीवर फार पैसा ओतला होता असं मला आठवत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एक गोष्ट मात्र सारखी होती. आपलं गिऱ्हाईक कोण, ते काय नेतं आणि पुन्हा कधी लागेल, हे त्यांच्याकडे कुठेतरी लिहिलेलं होतं.

एक उदाहरण सांगतो. आमच्या भागात एक बाई मिरची कांडप चालवतात. त्यांचा सगळा धंदा फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचा. २०२०चा हंगाम टाळेबंदीत अख्खा बुडाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या माझ्याकडे हजार पत्रकं छापायला आल्या. मजकुराचा कागद पिशवीतून काढताना त्यांची एक वही बाहेर आली. पानांच्या कडा मिरचीच्या पुडीने लाल झालेल्या, काही ठिकाणी तेलाचे डाग. आत एकेका घराची नोंद होती: ‘३ किलो. २ ब्याडगी, १ संकेश्वरी. खोबरं जास्त. लसूण घालायचा नाही, नंतर घरी घालतात.’ पुढे फोन नंबर. अशी तीनशेहून जास्त घरं होती.

मी त्यांना म्हणालो, वहिनी, पत्रकं राहू द्या, आधी या सगळ्यांना फोन करा. त्यांनी रोज दुपारी दोन ते चार, जेवणं उरकल्यावर, वीस-वीस फोन केले. बोलणं साधंच होतं. ‘ताई, दोन वर्षांपूर्वी तुमची तीन किलोची चटणी केली होती, संकेश्वरी कमी घातली होती. यंदा किती करायची? दिवस ठरवून ठेवू का?’ एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा निर्बंध लागले. तोवर त्यांच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त घरांची चटणी कांडून झाली होती. पत्रकं वाटून लोकांची वाट पाहत बसल्या असत्या तर तोही हंगाम हातचा गेला असता.

त्या फोनमध्ये सूट नव्हती, योजना नव्हती. तुमच्या घरची चव मला माहीत आहे, एवढाच त्यातला निरोप होता. मंदीत माणूस खर्च पूर्ण थांबवत नाही. नव्या ठिकाणी पैसे टाकायला तो कचरतो आणि ओळखीच्या, खात्रीच्या जागी जातो. म्हणून अशा काळात नवं गिऱ्हाईक मिळवणं सगळ्यांत महाग पडतं आणि जुन्याला आठवण करून देणं सगळ्यांत स्वस्त. तुमच्याकडे जाहिरातीला शंभर रुपये असतील तर त्यातले पहिले सत्तर जुन्या गिऱ्हाइकावर लावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

तुमच्याकडे वही नसेल तर ती आठवड्याभरात तयार होते. जुनी बिलबुकं काढा, दुरुस्तीचं रजिस्टर काढा, मोबाईलमधले नंबर चाळा. चार रकाने पुरेत: नाव, नंबर, काय नेलं आणि पुढची गरज कधी. यातला चौथा रकाना धंदा आणून देतो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याला तिथे मे महिना दिसेल. केटररने बारशाची ऑर्डर केली असेल तर तिथे पहिल्या वाढदिवसाची तारीख येईल. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याला उन्हाळ्याचं पाणी सुरू व्हायच्या आधीचे दिवस कळतील. नंबर लिहून घेताना मात्र ‘तुम्हाला कधी फोन किंवा मेसेज केला तर चालेल ना?’ हे विचारायचंच. दहा हजार नंबरांची यादी विकत देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. ती घेऊ नका. लोकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीशिवाय वापरण्याविरुद्ध २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. आणि अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज वाचतो कोण?

मेसेज पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप वापरा. ते फुकट आहे. त्यात वस्तूंचे फोटो आणि भाव मांडून ठेवायला कॅटलॉग आहे, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं, आणि गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट मिळतो. तुम्ही मनापासून मेसेज पाठवत राहता आणि निम्म्या लोकांपर्यंत तो पोचतही नाही. यासाठी बिलाच्या तळाशी एक ओळ छापा: ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की कळवू.’ रबरी शिक्का करून मारला तरी चालेल, आणि पैसे घेताना तोंडानेही सांगा.

मेसेज महिन्यातून दोनदा पुरेत. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक गुपचूप म्यूट करतात, आणि मग कामाचा मेसेजही वाचला जात नाही. जो मेसेज पाठवाल त्यात समोरच्याच्या कामाचं काहीतरी असू द्या. धान्य विकणाऱ्याने गव्हाला कीड लागू नये म्हणून काय करायचं ते सांगावं. साडीवाल्याने रेशमी साडीची घडी किती महिन्यांनी बदलायची ते लिहावं.

ही काही आजची युक्ती नाही. आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर ती वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, त्यामुळे त्यांचे नांगर सुरुवातीला विकलेच जात नव्हते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटं पत्र काढलं. कारखान्याचा माल आणि त्याचा उपयोग लोकांपर्यंत पोचावा हा त्यामागचा हेतू होता. १९२९ मध्ये त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि पुढे ते मराठी घराघरांत गेलं. नुसते नांगरांचे भाव छापत बसले असते तर हे झालं नसतं. वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत होतं, म्हणून लोकांनी ते धरून ठेवलं. तुमच्या हातातला फोन हीच तुमची खबर आहे.

आता छापील गोष्टींविषयी. तो माझा धंदा आहे, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

छापलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त दिवस काम करतं ते स्टिकर. मिरज रस्त्यावरचे एक मोटर रिवाइंडिंगवाले दरवर्षी माझ्याकडून दोन इंचांची स्टिकरं नेतात. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटरीच्या स्टार्टरवर ते एक चिकटवतात. वर त्यांचा नंबर मोठ्या अक्षरांत, खाली बॉलपेनने दुरुस्तीची तारीख. एक स्टिकर दोन रुपयांच्या आत पडतं. ऐन हंगामात, रात्री पाण्याची पाळी चालू असताना मोटर जळाली की शेतकरी बॅटरी मारतो ती त्या स्टार्टरवरच. त्या क्षणी वर्तमानपत्रातली जाहिरात आठवत नाही; समोर चिकटलेला नंबर लागतो. तुमच्या धंद्यात ही जागा कुठे आहे ते शोधा. गॅस शेगडीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीवर, शिलाई मशीनच्या झाकणाच्या आत, मसाल्याच्या बरणीवर. अडचण जिथे येते तिथे नंबर हवा.

त्याच न्यायाने नाव छापलेलं कॅलेंडर अजूनही परवडतं. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, एकादशी बघायला घरातलं माणूस रोज त्याच्यासमोर उभं राहतं. पण हजार छापून जो येईल त्याला वाटू नका. वहीतल्या पहिल्या दोनशे घरांत ते स्वतः नेऊन द्या, मार्गशीर्षात, इतरांची यायच्या आधी.

हँडबिलाबाबत मात्र हात आखडता घ्या. पाच हजार पत्रकं, चार रंगांत, चकचकीत कागदावर आणि पेपरातून वाटप, असा समजा ८,००० रुपये खर्च झाला. त्यातून २० नवी गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येकाने ६०० रुपयांचा माल नेला. दुकानदार खूश होतो, १२,०००चा धंदा झाला म्हणतो. पण त्याला रुपयामागे चार आणे सुटत असतील तर हाती आले ३,०००. म्हणजे ५,००० गेले. हीच २० माणसं आणखी दोन महिने तितकाच माल न्यायला आली तरच खर्च निघून वर काही उरतं. म्हणून पत्रकावरून आलेल्या माणसाचं नाव-नंबर वहीत चढलं नाही तर ते पत्रक वाया गेलं असं समजा. आणि हिशेब कायम सुटलेल्या पैशांवर मांडा, गल्ल्यावर नको.

तरीही छापायचंच असेल तर एकरंगी छपाई करा, रंगीत कागदावर. एका भागासाठी गुलाबी कागद, दुसऱ्यासाठी पिवळा, तिसऱ्यासाठी हिरवा. प्रत्येकी तीनशे. मजकूर तोच, पण खाली लिहा: ‘हा कागद घेऊन या, फॉल-पिको मोफत’ किंवा तुमच्या धंद्यात जे देता येईल ते. महिन्याने गल्ल्यातले परत आलेले कागद मोजा. पिवळे बावीस आणि गुलाबी तीन असतील तर पुढचा पैसा कुठे लावायचा ते तुम्हाला कळलं. हे कळायला कुठल्याही एजन्सीची गरज नाही. पत्रकं भिंतीवर, विजेच्या खांबावर चिकटवू नका. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, आणि फ्लेक्सलाही पालिकेची परवानगी लागते. दंड भरण्यात जाहिरातीचे पैसे जातात.

सूट देण्याआधी कागदावर एक गणित करा. शंभर रुपयांच्या वस्तूत तुम्हाला २० सुटतात. १० टक्के सूट दिली की सुटतात १०. म्हणजे तेवढीच कमाई व्हायला माल दुप्पट विकला गेला पाहिजे. मंदीत दुप्पट विक्री कुठून येणार? शिवाय एकदा भाव उतरवला की तो पुन्हा चढवताना गिऱ्हाईक दुखावतं. भाव तसाच ठेवून वर काहीतरी द्या: घरपोच पोचवणं, दुरुस्तीची हमी, लहान पाकीट. लहान पाकिटाचं महत्त्व आपल्याकडे फार आहे. किलोने हळद नेणारी बाई तंगीत पाव किलो नेते. पाव किलोचं पाकीट तुमच्याकडे नसेल तर ती दुसऱ्या दुकानात जाते आणि तिथलीच होते.

पैसा कधी खर्चायचा यालाही वेळ असते. नोकरदार वस्तीत महिन्याचा पहिला आठवडा, कारखान्याच्या वसाहतीत दिवाळीचा बोनस. आमच्याकडे उसाचं बिल. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यावेत असा नियम आहे, पण प्रत्यक्षात बिल कधी जमा होतं ते गावातल्या सोसायटीत विचारल्यावरच कळतं. तासगावला बेदाण्याचे सौदे, सांगलीत हळदीचे, त्या दिवसांत बाजारात पैसा फिरतो. भांड्यांच्या एका दुकानदाराने वर्षभराची सगळी जाहिरात बिलं जमा होण्याच्या दोन पंधरवड्यांत उरकायला सुरुवात केली. खर्च निम्म्यावर आला आणि गिऱ्हाईक कमी झालं नाही. लोकांच्या खिशात पैसे नसताना त्यांना जाहिरात दाखवणं म्हणजे दोघांनाही त्रास.

एकट्याने खर्च झेपत नसेल तर तिघांनी करा. ब्लाऊज शिवणारी, मॅचिंग सेंटरवाला आणि इमिटेशन ज्वेलरीवाली, तिघांचं गिऱ्हाईक एकच. लग्नसराईत तिघांनी मिळून एकच पत्रक छापलं तर खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. एकमेकांच्या काउंटरवर एकमेकांची कार्डं ठेवायला तर काहीच लागत नाही. यात अट एवढीच की शेजाऱ्याचं काम चांगलं असलं पाहिजे. त्याने गिऱ्हाइकाला फसवलं तर ते तुमच्यावरही येतं.

पाटी आणि गूगलवरची नोंद थोडक्यात सांगतो, कारण ही कामं एकदाच करायची आहेत. पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा काय मिळतं ते मोठं लिहा. रस्त्यावरून दुचाकीवर जाणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. राज्यात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला एक पैसाही लागत नाही. फोनवरून पडताळणी होते किंवा दुकानाचा छोटा व्हिडिओ मागतात. वेळ, सुट्टीचा दिवस, दुकानाचे दिवसा काढलेले चार फोटो टाका. समाधानी गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायची विनंती करा, वाईट अभिप्रायाला सभ्य उत्तर द्या, आणि खोटे अभिप्राय कोणाकडून लिहून घेऊ नका. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीने ‘तुमचं नाव गूगलवर पहिलं आणून देतो’ म्हणून माझ्याकडून ९,००० रुपये घेतले. त्यांनी केलेली नोंद मी स्वतः अर्ध्या तासात करू शकलो असतो, आणि महिन्याभराने त्यांनी फोन उचलणं बंद केलं. असे फोन तुम्हालाही येतील. पैसे देऊ नका.

गणेश मंडळाच्या अहवालातली, संमेलनाच्या स्मरणिकेतली जाहिरात ही वर्गणी आहे. ती जरूर द्या, गावात राहायचं तर द्यावीच लागते, पण वर्गणीच्या खात्यात लिहा. जाहिरातीच्या पैशात ती धरली की जाहिरातीसाठी काही उरतच नाही.

वस्तू तयार करणाऱ्यांनी प्रदर्शनांचा विचार करावा. बचत गटांच्या महिलांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, जिल्ह्यातही लहान प्रदर्शनं होतात. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून सुरू आहे, ती पूर्णपणे मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना प्रदर्शनातल्या गाळ्याच्या भाड्यासाठी अर्थसाहाय्याची योजनाही आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याच्या अटी विचारा. गाळा घेतला तर एक माणूस विकायला आणि एक वही लिहायला बसवा. तीन दिवसांची विक्री तीन दिवसांत संपते. त्या दिवसांत मिळालेले दोनशे नंबर पुढची पाच वर्षं उपयोगी पडतात.

जाहिरातीला एकूण किती पैसे ठेवायचे, असं मला विचारतात. जेवढे परत आले नाहीत तरी पुढच्या महिन्याचा माल भरायला अडणार नाही, तेवढेच. कर्ज काढून जाहिरात करू नका. पण ती शून्यावरही आणू नका. २०२०च्या टाळेबंदीत काही दुकानदारांनी गिऱ्हाइकांना नुसतं विचारायला फोन केले, ‘घरी सगळे बरे आहेत ना?’ एवढंच. दुकानं उघडल्यावर लोक त्यांच्याकडे आधी गेले. माझ्याकडे पत्रिकांची चार कामं अशाच फोनमुळे आली होती, म्हणून हे खात्रीने लिहितोय.

आज रात्री शटर ओढण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे दोनदा आलेल्या पंचवीस माणसांची नावं आठवून लिहा. प्रत्येकाच्या समोर त्याने काय नेलं होतं ते लिहा. उद्या दुपारी त्यातल्या पाच जणांना फोन करा. छापायचं काय आणि किती, ते पंचवीस फोन झाल्यावर ठरवा.